वाचक कसा घडतो, हा विषय कोणत्या विभागाचा?

पत्र : मी कोल्हापुरातील एका माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. एम.ए. मराठी आणि बी.एड. झाले असून आता पीएच.डी.साठी नाव नोंदवण्याचा विचार आहे. भोवती इतकी माध्यमे असताना माणसे वाचक कशी होतात, हा विषय मनात आहे. मराठीच्या एका प्राध्यापकांनी हा शिक्षणशास्त्राचा विषय असल्याचे सांगितले; शिक्षणशास्त्रातल्यांनी मानसशास्त्राकडे बोट दाखवले; तिसऱ्यांनी पाचशे विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घेऊन ‘वाचनसंस्कृतीचा ऱ्हास’ असा प्रबंध लवकर उरकून टाकण्याचा सल्ला दिला. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा आहे. धडा वाचायला उभा केला की तो अडखळतो. पण पेठेच्या संघाचा फुटबॉल सामना झाला की दुसऱ्या दिवशीची बातमी शब्दन्‌शब्द वाचून तिच्यातल्या चुका सांगतो. घरी सासूबाई रोज पोथी वाचतात आणि ‘मी काही वाचणाऱ्यांतली नव्हे’ असे म्हणतात. या दोघांना कोणत्या रकान्यात बसवायचे तेच मला कळत नाही. विषय सोडून द्यावा का? शाळेत वाचनासाठी बक्षिसे ठेवतात, त्यांचा काही उपयोग होतो का, हेही जाता जाता सांगावे.
— एक शिक्षिका, मंगळवार पेठ, कोल्हापूर

सप्रेम नमस्कार.

विषय सोडू नका. सोडायचीच असेल तर ती पाचशे विद्यार्थ्यांची प्रश्नावली सोडा, कारण तुमच्या पत्रातील दोन्ही माणसे तिच्यातून निसटतात आणि तुमचा खरा विषय तर तीच दोन माणसे आहेत. ‘गेल्या वर्षभरात अवांतर वाचनाची किती पुस्तके वाचलीत?’ या प्रश्नापुढे तो मुलगा शून्य लिहील, सासूबाईही शून्यच सांगतील. आणि वर्गातील एखादी हुशार मुलगी, बाई आपल्याकडे बघत आहेत हे ध्यानात ठेवून, दहा लिहील. वाचनाला आपल्याकडे इतका मान आहे की ‘मी वाचत नाही’ असे लिहून देताना कोणाचाही हात जरा थांबतो, आणि म्हणून अशा प्रश्नावल्यांतून वाचनापेक्षा वाचनाविषयीच्या आदराचेच मोजमाप अधिक होते. पाचशेच्या जागी पाच हजार प्रती भरून घेतल्या तरी हा दोष जात नाही. तो फक्त दशांशचिन्हाच्या पुढे दोन घरांपर्यंत अचूक होतो.

ऱ्हासाचे गृहीतकही आरंभीच बाजूला ठेवावे. ऱ्हास झाला म्हणायचे तर पूर्वी कधीतरी सगळे वाचत होते असे मानावे लागते, आणि तुमच्या शहराचाच इतिहास ते मानू देत नाही. आज करवीर नगर वाचन मंदिर म्हणून ओळखली जाणारी संस्था १८५० साली नेटिव्ह लायब्ररी म्हणून सुरू झाली, तेव्हा तिचा उपयोग करू शकणारी माणसे शहरात मोजकीच होती. राजर्षी शाहू महाराजांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला तो १९१७ साली, आणि बाबूराव पेंटर यांची महाराष्ट्र फिल्म कंपनी याच शहरात उभी राहिली तीही त्याच सुमारास. म्हणजे सर्वसामान्य कोल्हापूरकराच्या आयुष्यात छापील अक्षर आणि हलते चित्र जवळजवळ बरोबरीने आले. मूकपटांत मधूनमधून येणाऱ्या मजकुराच्या पाट्या वाचता येणारे प्रेक्षक शेजारच्यांसाठी मोठ्याने वाचत असत; त्या प्रेक्षागृहातील वाचन कोणत्या खात्यात धरायचे, हा प्रश्न तुमच्या आजच्या प्रश्नाहून फार वेगळा नाही. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ वेंडी ग्रिसवोल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली असे मांडले की सर्वसामान्य माणसाने विरंगुळा म्हणून वाचत बसण्याचा पश्चिमेतील काळ हाच मुळात इतिहासातील अपवाद होता आणि वाचन आता पुन्हा एका लहान, पण स्वतःला पिढ्यान्‌पिढ्या चालू ठेवणाऱ्या ‘वाचक वर्गा’कडे चालले आहे. ही मांडणी कोल्हापूरला जशीच्या तशी लावणे मला पटत नाही, कारण इथे असंख्य घरांत वाचणारी पहिली पिढी अजून हयात आहे. परंतु तिच्यामुळे प्रश्नाची दिशा बदलते: लोक वाचत का नाहीत, हे विचारण्यापेक्षा जे वाचू लागले ते कोणाच्या संगतीत, कोणत्या निमित्ताने आणि कोणत्या वयात वाचू लागले, हे शोधणे अधिक फलदायी ठरते.

आता तुमच्या आठवीतल्या मुलाकडे येऊ, कारण निरनिराळी शास्त्रे एकाच माणसात कुठे भेटतात आणि कुठे एकमेकांना सोडून जातात हे त्याच्यावरून नीट दिसते. मानसशास्त्रापुरते बोलायचे तर फिलिप गॉफ आणि विल्यम टनमर यांनी १९८६ साली मांडलेले एक सूत्र आजही उपयोगी आहे. वाचून समजणे हा दोन क्षमतांचा गुणाकार आहे, असे ते म्हणतात. लिखित चिन्हांवरून शब्द ओळखणे ही पहिली क्षमता आणि तोच मजकूर कोणी बोलून दाखवला असता समजणे ही दुसरी. गुणाकार असल्यामुळे दोहोंपैकी एक शून्य असेल तर दुसरी कितीही मोठी असली तरी हाती काही लागत नाही. तेव्हा पहिली तपासणी अगदी साधी आहे: तोच धडा तुम्ही वाचून दाखवल्यावर त्याला समजतो का? समजत असेल तर अडचण अक्षरांपाशी आहे. आठवीच्या मुलाला अक्षरे अडतील कशी, असे कोणी म्हणेल. परंतु आपल्या लिपीत मुळाक्षरे, बाराखडी आणि जोडाक्षरे मिळून शेकडो आकार ओळखीचे व्हावे लागतात, आणि सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासांतून असे दिसले आहे की अशा अक्षरमालेवर पकड बसायला रोमन मुळाक्षरांपेक्षा बरीच अधिक वर्षे लागतात आणि हे शिकणे प्राथमिक शाळेच्या वरच्या इयत्तांपर्यंत चालू राहते. त्या वर्षांत एखाद्या मुलाची शाळा बुडाली असेल तर पुढे कोणी मागे वळून जोडाक्षरे शिकवत नाही. मराठीच्या प्रबंधांत या गोष्टीला सहसा एखादे पान मिळते. तुम्ही तिला एक प्रकरण द्यावे असे मला वाटते.

परंतु अक्षरेच अडत असतील तर फुटबॉलची बातमी तो कशी वाचतो? डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी १९८८ साली प्रसिद्ध केलेला एक लहानसा प्रयोग इथे आठवतो. त्यांनी सातवी-आठवीतल्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचे वर्णन वाचायला देऊन ते आठवणीने मांडायला लावले. चाचण्यांत कच्चे वाचक ठरलेल्या, पण बेसबॉल जाणणाऱ्या मुलांनी, चांगले वाचक असूनही बेसबॉल न जाणणाऱ्या मुलांना स्पष्टपणे मागे टाकले. तुमचा विद्यार्थी हा प्रयोग दर मोसमात शाहू स्टेडियमवरील सामन्यांच्या निमित्ताने फुकट करून दाखवतो आहे. गोल कोणी केला, पास कोणाचा होता, पंचांनी काय दिले हे सगळे त्याला आधीच ठाऊक असल्यामुळे बातमीतील प्रत्येक वाक्य येण्याच्या आतच त्याने निम्मे ओळखलेले असते. आणि चूक दाखवतो म्हणजे तो मजकुराशी वाद घालतो, जे पाठ्यपुस्तकाच्या बाबतीत त्याला कोणी करू दिलेले नाही. मात्र इथे मानसशास्त्राचे काम संपते. हे ज्ञान त्याच्याकडे आले ते तालमीच्या, म्हणजे पेठेचा संघ चालवणाऱ्या मंडळाच्या, कट्ट्यावरून, पेठेच्या अभिमानातून, कदाचित एखाद्या काकांच्या बोलण्यातून. ती बातमी तो एकट्याने वाचत नाही, कोणाला तरी ऐकवण्यासाठी वाचतो, असा माझा अंदाज आहे. तो खरा आहे का, हे पाहायला तुम्हाला शाळेबाहेर, तालमीच्या दारापर्यंत जावे लागेल, आणि तिथे हातात चाचणीपत्रिका नेऊन चालणार नाही.

अशा अभ्यासाचा सर्वांत चांगला नमुना शर्ली ब्राइस हीथ या मानववंशशास्त्रज्ञ विदुषींनी १९८३ साली पुढे ठेवला. अमेरिकेच्या कॅरोलायना भागातील दोन शेजारच्या कामगार वस्त्यांत त्या कित्येक वर्षे जात-येत राहिल्या आणि घराघरांत लिखित मजकुराभोवती माणसे काय बोलतात याची नोंद करत राहिल्या. एका वस्तीत आलेले पत्र किंवा वर्तमानपत्र ओसरीवर बसून सगळ्यांनी मिळून वाचायचे, त्यावर भर घालत बोलायचे, अशी रीत होती, आणि एकटाच कागदात डोके खुपसून वाचत बसणारा माणूस तिथे जरा विचित्र समजला जाई. दुसऱ्या वस्तीत मुलांना झोपताना गोष्टी वाचून दाखवत, पण ‘हे काय आहे?’ एवढेच विचारत. कल्पनेला फाटे फोडू देत नसत. दोन्हींकडची मुले पुढे शाळेत मागे पडली, पण वेगवेगळ्या टप्प्यांवर आणि वेगवेगळ्या कारणांनी. ‘घरात वाचनाचे वातावरण नाही’ हे शिक्षकांच्या खोलीत रोज उच्चारले जाणारे वाक्य किती ढोबळ आहे, हे त्यावरून कळते.

सासूबाईंची जागा इथेच आहे. लायबेरियातील वाई लोकांचा अभ्यास करून सिल्व्हिया स्क्रिबनर आणि मायकेल कोल यांनी १९८१ साली दाखवून दिले की त्या समाजात तीन लिप्या तीन कामांसाठी नांदतात: इंग्रजी शाळेसाठी, अरबी कुराणासाठी आणि स्वतःची वाई लिपी मुख्यतः पत्रव्यवहारासाठी. साक्षर झाल्याने एकंदर बुद्धीच पालटते, ही प्रचलित समजूत त्यांच्या चाचण्यांत टिकली नाही. ज्या कामासाठी जी लिपी वापरली जाई त्या कामाची कौशल्ये तेवढी वाढलेली दिसली. कुराण पाठ करणारे विशिष्ट प्रकारच्या पाठांतरात पुढे होते, तर पत्रे लिहिणारे समोर नसलेल्या माणसाला एखादी गोष्ट समजावून सांगण्यात. सासूबाईंचे पोथीवाचन हे असेच ठरावीक वेळेचे, ठरावीक आसनाचे, मोठ्याने करायचे, पुन्हा पुन्हा त्याच ओव्यांकडे येणारे वाचन आहे. त्यांना कादंबरी दिली तर कदाचित त्या दोन पानांत कंटाळतील. म्हणून त्या वाचक नव्हेत, असा निष्कर्ष कोणत्या न्यायाने काढायचा? त्या स्वतः तसे म्हणतात, ही तुमच्यासाठी फार मोलाची नोंद आहे, कारण ‘वाचणारा’ ही पदवी आपल्या समाजात कोणाला मिळते आणि कोणाला नाकारली जाते हे त्यातून उघड होते. त्यांचा तो उद्गार प्रबंधात जसाच्या तसा यावा. अर्थात, त्यांना विचारून.

माध्यमांच्या प्रश्नावर तुम्हाला मोबाइलच्या बाजूचे आणि विरोधातले असे दोन गट भेटतील. दोघांनाही नमस्कार करून पुढे जावे. जे निश्चितपणे ठाऊक आहे ते मर्यादित आहे. पाब्लो देल्गादो आणि सहकाऱ्यांनी २००० ते २०१७ या काळातील ५४ अभ्यास एकत्र करून, म्हणजे एक लाख सत्तर हजारांहून अधिक वाचकांच्या माहितीवरून, २०१८ साली असे दाखवले की माहितीपर मजकूर पडद्यापेक्षा कागदावर वाचला तर अधिक समजतो, आणि वेळेचे बंधन असेल तेव्हा हा फरक वाढतो. मात्र निव्वळ कथात्म मजकुरात तसा फरक आढळला नाही. पडद्याची सवय वाढेल तसा फरक मिटेल ही अपेक्षाही खोटी ठरली, कारण त्या वर्षांत तो वाढतच गेलेला दिसला. एवढ्यावरून मोबाइलने वाचन संपवले, असे सिद्ध होत नाही. उलट पडद्यावरूनच अक्षरओळख घट्ट करण्याचा एक उपक्रम आपल्याच देशात उभा राहिला आहे: दूरदर्शनवरील चित्रपटगीतांखाली त्याच भाषेत गीताच्या ओळी दाखवायच्या, ही कल्पना ब्रिज कोठारी यांनी १९९६ साली अहमदाबादच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेत मांडली आणि पुढे ती प्रत्यक्षात आणली. गाणे तोंडपाठ असल्याने प्रेक्षकाचा डोळा आपोआप त्या ओळीवरून सरकतो. बेसबॉलच्या प्रयोगामागचे तत्त्वच इथे दुसऱ्या वेशात आलेले तुम्हाला दिसेल.

माझ्या मते मराठीच्या अभ्यासकाने या क्षेत्रात हात घालावा असा सर्वांत मोठा, जवळजवळ अस्पर्श राहिलेला भाग वेगळाच आहे. तुमचे विद्यार्थी दिवसभर मोबाइलवर जे मराठी वाचतात त्याचा मोठा हिस्सा रोमन लिपीत टंकलेला असतो. एकच मूल सकाळी वर्गात देवनागरीत अडखळते आणि संध्याकाळी मित्रांच्या ग्रुपवर तीच भाषा रोमनमध्ये सपाट्याने वाचते. ऱ्हस्व-दीर्घ तिथे नसते, ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद नसतो, तरी अर्थ पोचतो. या मुलांचे वाचन दोन लिप्यांत विभागलेले असेल, तर देवनागरीचा सराव कमी पडतो म्हणून ती धड्यात अडखळतात, की अडखळतात म्हणून रोमनकडे वळतात? हे ठरवायला भाषाविज्ञान, मानसशास्त्र आणि माध्यमांचा अभ्यास तिन्ही लागतील, आणि सामग्री तर शाळाशाळांतल्या मुलांच्या खिशाखिशांत आहे.

बक्षिसांबद्दल थोडक्यात. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन साजरा व्हावा, त्याला माझी हरकत नाही. ‘सर्वांत जास्त पुस्तके वाचणाऱ्यास पारितोषिक’ याला मात्र आहे. मार्क लेपर आणि सहकाऱ्यांच्या १९७३ सालच्या प्रयोगात, आवडीने चित्रे काढणाऱ्या बालवाडीतल्या मुलांना चित्रे काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, तेव्हा ती पुढे मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळू लागली. अनपेक्षितपणे प्रशस्तिपत्र मिळालेल्या मुलांत ही घट दिसली नाही. ज्याला आवडच नाही त्याच्याबाबत हा प्रयोग काही सांगत नाही, हेही लक्षात असू द्या.

आता प्रत्यक्ष कामाकडे. वाचक होणे ही वर्षानुवर्षे चालणारी गोष्ट आहे. सुझन मोल आणि आड्रियाना बस यांनी ९९ अभ्यासांचा आढावा घेऊन २०११ साली दाखवले की छापील मजकुराशी असलेला सहवास आणि भाषेवरील प्रभुत्व यांचा संबंध वयाबरोबर घट्ट होत जातो: मुलामुलांतील भाषिक फरकांपैकी बालवाडीच्या वयात सुमारे १२ टक्के, तर महाविद्यालयीन वयात ३४ टक्के फरक या सहवासाशी जोडलेला आढळतो. जो वाचतो त्याला वाचन सोपे होते, म्हणून तो आणखी वाचतो, असे हे चक्र आहे, आणि एका दिवशी भरून घेतलेल्या प्रश्नावलीत कोणतेही चक्र दिसत नाही. म्हणून आठ-दहा मुले निवडा आणि दोन वर्षे त्यांच्यासोबत राहा. त्यांच्या एका आठवड्यातील सर्व लिखित मजकुराची नोंद ठेवा. केएमटी बसच्या पाट्या, स्टेटस, खाऊच्या वेष्टनावरील ओळी, देवळातील फलक, सामन्याची बातमी, काहीही वगळू नका. प्रत्येक नोंदीपुढे तो मजकूर कोणासोबत आणि कशासाठी वाचला हे लिहा. त्याच घरांतील वडीलधाऱ्यांकडून त्यांचा वाचनाचा प्रवास ऐकून घ्या: पहिले स्वतःचे पुस्तक कोणते, ते कोणी दिले, घरातील कोणाचे वाचन बंद पडले आणि कधी. बायकांच्या बाबतीत हा शेवटचा प्रश्न अवश्य विचारा. लग्न हे वाचनाच्या इतिहासातले फार मोठे वळण आहे आणि आकडेवारीत ते कुठेच दिसत नाही. अक्षरांची आणि आकलनाची एक साधी चाचणी वर्षातून एकदा घ्या, म्हणजे मानसशास्त्राच्या परीक्षकांनाही तुमच्याशी बोलता येईल.

ग्रंथालयात जरूर बसा, पण देवघेवीच्या नोंदींवर सगळा भर ठेवू नका. आज अनेक शहरांतील वाचनालयांत देवघेव विभागापेक्षा स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत गर्दी अधिक असते. दिवसाचे दहा तास वाचणारे ते तरुण ‘वाचक’ आहेत का, यावर विद्यापीठाच्या संशोधन समितीत वाद होईल. तो व्हावाच, पण तो तुमच्या नोंदींच्या आधारावर व्हावा.

एक सावधगिरी मात्र अत्यंत गांभीर्याने घ्या. ज्या मुलांना तुम्ही गुण देता त्यांच्यावर संशोधन करू नका, कारण बाईंना ‘नाही’ म्हणण्याचे स्वातंत्र्य त्यांना नसते आणि त्यांची उत्तरे तुमच्या चेहऱ्याकडे पाहून येतील. आपल्या शाळेतील दुसऱ्या तुकडीची किंवा दुसऱ्या शाळेची मुले घ्या. पालकांची लेखी संमती आणि मुलांचा स्वतःचा होकार असे दोन्ही मिळवा. नुसती नावे बदलून भागणार नाही. पेठ आणि संघ लिहिला की निम्मे कोल्हापूर त्या मुलाला ओळखेल, तेव्हा तेही बदलावे लागतील. मग पत्रातल्या त्या मुलाचे काय? तो तुमच्या प्रश्नाचा जनक राहील, प्रबंधातील पात्र होणार नाही.

राहिला विभागाचा प्रश्न, आणि त्याचे उत्तर वाटते तितके कठीण नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ यानुसार चार विद्याशाखांपैकी एक आंतरविद्याशाखीय अभ्यासाचीच आहे आणि शिक्षणशास्त्र, ग्रंथालयशास्त्र, वृत्तपत्रविद्या हे विषय तिच्यात येतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या पीएच.डी. नियमांत दुसऱ्या विभागातील किंवा दुसऱ्या संस्थेतील सहमार्गदर्शक घेण्याची सोय आहे. तुमची पदव्युत्तर पदवी मराठीची असल्याने नोंदणी मराठीतच करावी, दोन लिप्यांचा प्रश्न आराखड्याच्या मध्यभागी ठेवावा म्हणजे विषय मराठीचा नव्हे असे कोणाला म्हणता येणार नाही, आणि शिक्षणशास्त्रातील एखाद्या प्राध्यापकांना सहमार्गदर्शक होण्याची विनंती करावी. मानसशास्त्राचा सल्ला चाचण्यांपुरता घ्या. तिसरा मार्गदर्शक शोधत फिरू नका, दोघांच्या सह्या मिळवतानाच पुरेसे श्रम पडतात. नियमांनुसार अभ्यासक्रमासह किमान तीन वर्षे आणि सर्वसाधारणपणे कमाल सहा वर्षे मिळतात, महिला संशोधकांना आणखी दोन वर्षांची सवलत आहे. दोन वर्षांचे क्षेत्रकार्य त्यात सहज बसते. नोकरी सांभाळून अर्धवेळ संशोधन करायचे असल्याने संस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र लागेल. ते मागताना शाळेतील मुलांसोबत काम करण्याच्या परवानगीचा अर्ज वेगळा करा, कारण दोन्ही मागण्या एकाच कागदावर गेल्या की एकीवरच्या शंकेपायी दुसरीही अडकून पडते, आणि प्रवेशाच्या मुदतीपूर्वी हाती यायला हवी ती पहिली.